पाय टेकलाच नाही

आमच्या ग्वायाबालच्या मैदानाला आमादो सेदानोचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा अख्ख्या गावाला आनंद झाला आणि मला मळमळायला लागलं. गावाच्या आनंदाचं कारण सरळ आहे. आमादो सेदानो म्हणजे साखर कारखान्याच्या वस्तीतून उठून अमेरिकेत गेलेला, तिथल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तेरा वर्षं सेकंड बेसवर उभा राहिलेला गावचा हिरा. माझ्या मळमळण्याचं कारणही सरळच आहे. आमादो सेदानो मी आहे.

तो हिरा माझा थोरला भाऊ. त्याचं खरं नाव तोरिबियो, आणि तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कागदावर मात्र मी तोरिबियो आणि मोठाही मीच. हे कसं झालं ते सांगतो. सांगताना तोंड कडू होतं, पण सांगतो.

आमच्याकडे पोरगं सोळाचं झालं की त्याला बघायला माणसं येतात. स्थळ बघायला यावं तशी. हात बघतात, खांदा बघतात, पळवून बघतात, फक्त दात तेवढे मोजत नाहीत. अमेरिकेतल्या क्लबांना सोळाचं पोरगं हवं असतं. सतराचं चालवून घेतात. अठराचं म्हटलं की तोंडं वाकडी. आणि एकोणीसचं म्हटलं की, "गुणी आहे हो, पण शिळं झालं." एकोणिसाव्या वर्षी माणूस शिळा! आमचा तोरिबियो एकोणीसचा झाला तरी त्याला कुणी उचललं नव्हतं. मी सोळाचा होतो, पण अंगावर मूठभर मांस नव्हतं. मला बघून ती माणसं म्हणायची, याला आधी जेवायला घाला.

मग प्रॉस्पेरो आला. हा पोरांचा दलाल. पोरं हुडकायची, मैदानावर घासूनपुसून चकचकीत करायची, क्लबच्या गळ्यात मारायची आणि मधल्यामध्ये आपला वाटा काढायचा. असली माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, हा त्यातला जरा जास्तच गोडबोल्या. आमच्या स्वयंपाकघरात बसून, आईनं केलेलं कुस्करलेलं केळं आणि तळलेले सलामी-मांसाचे काप हाणत हा बाबा म्हणाला, "मावशी, तुमच्या एका पोराकडे अंग आहे, दुसऱ्याकडे वय आहे. देवानं सामान दोन पिशव्यांतून पाठवलंय. आपण एका पिशवीत भरायचं, बस."

आईनं विचारलं, "आणि धाकट्याचं काय?"

"धाकट्याला नवा दाखला करून देतो की! दोन वर्षांनी. तोवर त्याचं अंग तर भरू दे."

आईनं पत्र्याच्या पेटीतून माझा जन्माचा दाखला काढला आणि त्याच्या हातात दिला. मी समोरच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, घरासाठी आहे, दादासाठी आहे, आणि कागद तो काय, कागदच. सोळाव्या वर्षी अक्कल असून असून किती असणार?

क्लबची माणसं पोरगं घेण्याआधी गावात चौकशीला येतात. म्हणून रोज संध्याकाळी आई आम्हा दोघांना टेबलाशी बसवायची. हातात चप्पल, चुकलं की गालावर.

"तुझं नाव काय?"

"आमा..."

फाट!

"तुझं नाव काय?"

"तोरिबियो."

"वय?"

"सोळा..."

फाट!

पंधरा दिवसांत मी तोरिबियो झालो. दादानं एकदाही मार खाल्ला नाही. त्याला माझं नाव पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. मग चौकशीला माणूस आला तेव्हा गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी साक्ष दिली. कोपऱ्यावरचा दुकानदार मोन्चो, शाळेतल्या बाई, चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा, सगळे एका सुरात म्हणाले, हो हो, हा आमादो, हा धाकटा. तेव्हा मला ते गावाचं प्रेम वाटलं होतं. आता आठवलं की शिसारी येते. त्या दिवसापासून माझा थोरला भाऊ चारचौघांत मला दादा म्हणायला लागला.

तो गेला. आणि माझं अंग भरलं. व्हायचं तेच झालं, फक्त दोन वर्षं उशिरा. अठराव्या वर्षी मी कारखान्याच्या संघात रविवारी सेकंड बेसवर उभा राहायला लागलो, आणि उगाच नम्रपणा करत नाही, माझ्यासारखे हात त्या पट्ट्यात कुणाचे नव्हते. सेकंड बेसवाल्याची खरी परीक्षा डबल प्लेमध्ये. चेंडू शेजारच्या गड्याकडे, शॉर्टस्टॉपकडे जातो, तो आपल्याकडे फेकतो, आपण झेलायचा, बेसवर, म्हणजे जमिनीतल्या चौकोनी गादीवर, पाय टेकवून येणाऱ्या गड्याला बाद करायचं, आणि त्याच दमात वळून पहिल्या बेसवर फेकून दुसऱ्यालाही बाद करायचं. हे सगळं होत असताना तो येणारा गडी बुटाचे खिळे पुढे करून आपल्या नडग्यांवर घसरत येत असतो. भल्याभल्यांची तिथं गाळण उडते. माझी उडत नव्हती. मी पाय टेकवायचो, नीट, मधोमध, आणि मगच उडी मारायचो. नडगीवर अजून चार खुणा आहेत.

तीन रविवार एक टोपीवाला अमेरिकन क्लबाचा माणूस मला बघत होता. तिसऱ्या रविवारी आला, वही उघडली.

"नाव?"

"तोरिबियो सेदानो."

"वय?"

कागदावर एकवीस. मी एकवीस म्हणालो.

"अरेरे," तो म्हणाला, "सोळाचा असतास तर आत्ता उचलला असता तुला." आणि वही मिटून लिंबूपाणी प्यायला गेला.

मी धावत प्रॉस्पेरोकडे गेलो. नवा दाखला देणार होता ना! तो दाढी करून घेत होता. आरशातूनच म्हणाला, "अरे, आता चौकशी कडक झालीय. तुझं काही काढायला गेलो तर भावाचं उघडं पडेल. जरा थांब." ते थांबणं आजतागायत चालू आहे. प्रॉस्पेरो मेला, मी थांबलोच आहे.

पुढचं ऐका, हे तर आणखी ओकारी आणणारं आहे. त्याच हिवाळ्यात दादा घरी आला तो चेहरा पाडून. तो मुळात शॉर्टस्टॉप, पण खांद्यात तेवढा जोर नाही म्हणून तिकडे त्याला सेकंड बेसवर ढकललं होतं, आणि डबल प्ले त्याला जमत नव्हता. खिळे दिसले की हा उडी मारून बाजूला. "शिकव ना रे," म्हणाला. "नाहीतर मार्चमध्ये मला परत पाठवतील." मी शिकवलं. आपलेच दात, आपलेच ओठ, काय करणार! घरामागच्या अंगणात तेलाच्या डब्याचं झाकण जमिनीत ठोकलं, तो आमचा बेस. चार महिने रोज मी त्याच्या अंगावर धावून गेलो, त्याच्या नडग्यांवर घसरलो, धूळ खाल्ली. झेल, टेकव, वळ, फेक. झेल, टेकव, वळ, फेक. मार्चमध्ये तो गेला आणि पाच वर्षांनी वरच्या लीगमध्ये पोचला. लोक म्हणायचे, काय ते वळणं त्याचं, वारा नुसता!

वारा कसला! तिकडे जाऊन तो एक गोष्ट आणखी शिकला होता. तिथं पाय टेकवावाच लागत नाही. सेकंड बेसवाल्याच्या नडग्या फुटू नयेत म्हणून पंच लोक आपसातच समजून घ्यायचे. पाय बेसच्या आसपास असला की झालं, गडी बाद. सगळ्यांना माहीत, सगळे बघतात, कुणी काही बोलत नाही. दादाला हे इतकं आवडलं की पुढं तो बेसच्या वीतभर बाजूनं निघून जायचा. दूरदर्शनवर सामना लागायचा तेव्हा मोन्चोच्या दुकानात सगळं गाव टाळ्या वाजवायचं, आणि मी एकटा पडद्यावर त्याचा पाय बघत बसायचो.

तेरा वर्षं, चार क्लब. बॅट बरी, हात चांगले, पाय हे असे. दरवर्षी नऊ मेला तिकडच्या मैदानातल्या मोठ्या पडद्यावर यायचं, आमादो सेदानोला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि चाळीस हजार गोरे माझ्या वाढदिवसाला ओरडायचे. मी त्या वेळी कारखान्यात उसाच्या गाड्या मोजत असायचो. छत्तिसाव्या वर्षी त्यानं खेळ सोडला तेव्हा तिकडच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, वयाच्या मानानं गुडघे लवकर गेले. लवकर! एकोणचाळीस वर्षांचे गुडघे होते ते, वेळेवरच गेले.

मी धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र समजू नका. त्यानं आईला सिमेंटचं घर बांधलं, त्यातल्या एका खोलीत मी आणि माझी बायको मिरेलिस राहतो. फ्रीज त्याचा, पंखे त्याचे, माझ्या पोरीची शाळा त्याची. मी पण खाल्लंय. घास गिळताना तोंड वाकडं करायचो, पण गिळायचोच. म्हणून तर स्वतःचीही किळस येते, आणि ती सगळ्यात वाईट, कारण तिच्यापासून उठून दुसरीकडे जाता येत नाही.

एक वचन होतं, त्याच्यावर मी तग धरून होतो. "खेळ सोडला की तुझं नाव तुला परत," असं दादा म्हणाला होता. खेळ सोडला, मग म्हणाला, तिकडच्या पोरांचे कागद होऊ दे. ते झाले, मग म्हणाला, वकील बघतोय. आणि मग ही मैदानाची टूम निघाली. वहीतलं नाव खोडता येतं, पण भिंतीवर सिमेंटमध्ये हातभर अक्षरांत लिहिलं की संपलं. मग ते नाव जन्मभर त्याचं. मी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं.

तो हसला. "अरे वेड्या, त्या दिवशीच तर सांगायचंय! पाटीवर खरं नाव लिहायला लावलंय. तोरिबियो सेदानो मैदान. कापड पडलं की सगळ्यांना कळेल, मी माईकवर बोलेन, दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन नोंदणी कचेरीत सह्या करू. आईची शपथ."

मी विश्वास ठेवला. गाढवच मी. गेली पंधरा वर्षं मी इथल्या रविवारच्या लीगमध्ये पंच आहे, आणि त्या दिवशीच्या सत्काराच्या सामन्यात सेकंड बेसवर मीच उभा राहणार होतो. पँटला दोनदा इस्त्री केली. मिरेलिस म्हणाली, "इस्त्री कडक करा, पण आशा जरा ढिली ठेवा." मी तिच्यावर खेकसलो.

मैदानावर पोचलो तर पाटी निळ्या कापडाखाली. रंगारी लुइसीन शिडी गुंडाळत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुरुवात कुठल्या अक्षरानं केलीस रे?"

"आ," तो म्हणाला. "का? अक्षरबिक्षर चुकलंय का काही?"

सरळ खेळाडूंच्या खोलीत गेलो. दादा बाकावर बसून गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळत होता. सुटलेलं पोट, केसांना काळा रंग, गळ्यात सोन्याची साखळी. खोलीत आम्ही दोघंच.

"आईची शपथ घेतली होतीस," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. "अरे, ऐक जरा. महापौर आलाय. तिकडून दोन पत्रकार आलेत. माझ्या जुन्या क्लबात पुढच्या वर्षी माझा फोटो लावणार आहेत भिंतीवर. आत्ता काही निघालं तर सगळं मातीत जाईल. एक वर्ष. फक्त एक वर्ष थांब."

"आणि ही पाटी? ती पुढच्या वर्षी पुसणार?"

"पाटीचं काय एवढं घेऊन बसलास! पाटी कोण वाचतो?"

"मी वाचतो. रोज कामावर जाताना याच रस्त्यानं जातो मी."

"मग दुसऱ्या रस्त्यानं जा," तो म्हणाला आणि पट्टी दातांनी फाडली. "बरं, चल आता, लोक खोळंबलेत. दादा आहेस ना तू माझा?" आणि हसला. खरंच हसला! मला थुंकावंसं वाटलं, पण पंचाचा पोशाख अंगावर होता, म्हणून गिळलं.

सामना सुरू झाला. एका बाजूला दादा आणि त्याचे निवृत्त दोस्त, दुसऱ्या बाजूला कारखान्याचा संघ. ऊन मरणाचं. पहिल्या रांगेत छत्रीखाली आई, शेजारी महापौर, मागं मोन्चो बर्फाची पेटी घेऊन. तीन डाव काही घडलं नाही. चौथ्यात कारखान्याचा एक गडी पहिल्या बेसवर होता आणि पुढच्यानं चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला. साधा, सरळ, डबल प्लेचा चेंडू. सगळं मैदान उभं राहिलं, कारण हेच बघायला तर आले होते. शॉर्टस्टॉपनं फेकला. दादा आला, झेलला, वळला, फेकला. पोट सुटलं होतं तरी वळण तेच, माझं, अंगणातलं. पाय मात्र बेसपासून वीतभर लांब. पहिल्या बेसकडे पळणारा गडी बाद झाला. लोक नाचायला लागले. सगळे माझ्याकडे बघत होते, मी मूठ वर करून दुसराही बाद द्यायचा तेवढा बाकी होता.

मी दोन्ही हात आडवे पसरले. नाबाद.

क्षणभर कुणाला कळेचना. मग एकच गलका उठला. "ए तोरी, चष्मा लाव!" "अरे भावाचं खातोस आणि भावालाच?" "रम कुणी पाजली रे याला सकाळी?"

दादा माझ्याजवळ आला, प्रेक्षकांसाठी हसत. "काय करतोयस? माझ्या सत्काराचा सामना आहे हा."

"असू दे. पाय टेकला नाही."

"आजवर कधी कुणी बघितलाय का पाय? तेरा वर्षं सगळ्यांनी दिलं!"

"त्यांनी दिलं. मी देत नाही."

त्याचं हसू गेलं. आवाज खाली आणून म्हणाला, "हे त्या नावासाठी चाललंय ना? अरे, तुझ्यापाशी राहिलं असतं तर काय दिवे लावले असतेस त्याचे? कारखान्याच्या हजेरीत लिहिलं असतं कुणीतरी, दुसरं काय! मी मोठं केलं ते. माझं आहे ते आता."

पंचाशी हुज्जत घातली तर खेळाडूला बाहेर काढता येतं, तो माझा अधिकार. मी हात उगारला, बोट फाटकाकडे केलं आणि छाती फुटेपर्यंत ओरडलो, "तोरिबियो सेदानो, मैदानाबाहेर!"

मला वाटलं, झालं. फुटलं एकदाचं. आता महापौर उठेल, पत्रकार धावतील, लोक विचारतील, काय म्हणालास, कोण तोरिबियो? इतक्या वर्षांचा दगड छातीवरून उतरल्यासारखं वाटलं.

आणि लोक हसायला लागले. आधी मोन्चो, मग त्याच्या मागची रांग, मग सगळेच. "अरे, पंचानं स्वतःलाच बाहेर काढलं!" मोन्चोनं डोळे पुसत ओरडून सांगितलं, "आम्हाला काय नवीन सांगतोस रे? आम्हीच तर साक्ष दिली होती! झालं गेलं, चालू द्या खेळ!" शेजारचे दोघं माना डोलवत होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. विसरलंही कुणी नव्हतं. फक्त कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाय आसपास पडला होता ना, मग झालं. ते पत्रकार शेजाऱ्याला विचारत होते, काय झालं, आणि शेजारी सांगत होता, काही नाही, भावाभावांची गंमत चाललीय.

"गंमत नाही!" मी ओरडलो. "आमादो मी आहे! हा नाही, मी!"

तेव्हा आई उठली. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघेदुखीची, पण तुरुतुरु कुंपणापाशी आली. आली आणि वाकून पायातली चप्पल काढली. जाळीतून माझ्याकडे बघत, चप्पल हातात धरून, शांतपणे म्हणाली,

"तुझं नाव काय?"

सगळं गाव ऐकत होतं. दादा ऐकत होता. मध्ये जाळी होती, तिची चप्पल माझ्यापर्यंत पोचणारही नव्हती. मी पंच्याहत्तर किलोचा, चाळिशी उलटलेला माणूस, डोक्यावर पंचाची टोपी.

"तोरिबियो," मी म्हणालो.

देवाशपथ सांगतो, मी नाही बोललो, माझा गाल बोलला तो.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग निघ की बाहेर! पंचाचा निर्णय आहे!" पुन्हा हशा. दादानं फाटकाकडे हात करून मला वाट दाखवली, अगदी अदबीनं. आईनं चप्पल पायात घातली आणि छत्रीखाली जाऊन बसली. आणि मी निघालो. चालत गेलो फाटकापर्यंत, कुणी अडवलं नाही. माझ्या जागी पहिल्या बेसचा पंच सरकला, त्यानं मूठ वर केली, गडी बाद झाला, आणि सामना पुढं चालू राहिला.

फाटकाशेजारी पत्र्याची खोली आहे, धावांची वही लिहिणाऱ्या डॉन फेयोंची. डॉन आम्ही आदरानं म्हणतो. चाळीस वर्षं तेच वही लिहितात. मी तिथं जाऊन बसलो, सामना संपल्यावर ते आत आले. आमच्या लीगचा नियम आहे, कुणाला बाहेर काढलं की पंचानं अर्ज भरून द्यायचा. त्यांनी कोरा अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"भरतोस की जाऊ दे?"

"भरतो."

"विचार कर बाबा. लोक आज आनंदात आहेत."

"डॉन फेयो, तुम्ही आमचे दोघांचेही पोरपणीचे सामने लिहिलेत. पाय टेकला होता का?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "नाही टेकला," ते म्हणाले. "पण मी वहीत डबल प्लेच लिहिलाय."

मी पेन घेतलं. खेळाडूचं नाव: तोरिबियो सेदानो. कारण: सेकंड बेसवर पाय टेकला नाही, तसं सांगितल्यावर पंचाशी हुज्जत घातली. इथपर्यंत हात भराभर चालला. बाहेर बँड वाजायला लागला होता, माईकवर महापौर बोलत होता, मग कापड पडल्याचा आवाज आणि टाळ्या. हजारभर लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. आ-मा-दो, आ-मा-दो.

शेवटची ओळ होती, पंचाची सही. मी पेन टेकवलं आणि अडलो. सोळाव्या वर्षापासून मी फक्त तोरिबियोची सही केलेली. आमादो म्हणून सही कशी करायची, ते माझ्या हाताला माहीतच नव्हतं. ते नाव सहीत लिहिलेलं मी आयुष्यात एकाच ठिकाणी बघितलं होतं, आमच्या फ्रीजवर ठेवलेल्या चेंडूवर. दादानं पाठवलेला चेंडू. मोठा आ, त्याचा दांडा खाली ओढलेला, शेवटी एक गिरकी. रोज बघून पाठ झालेली. मी डोळे मिटून तशीच केली. हुबेहूब आली. एकदाच, पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं सही केली आणि ती त्याची निघाली. अर्ज डॉन फेयोंच्या हातात दिला आणि मागच्या रस्त्यानं घरी गेलो.

पुढच्या शनिवारी मीठ आणायला मोन्चोच्या दुकानात गेलो. काउंटरच्या वर, मेरीमातेच्या तसबिरीशेजारी, नवी काच चमकत होती. आत माझा अर्ज. लीगच्या सेक्रेटरीनं विकला की फुकट दिला, कोण जाणे. वरचा मजकूर दुमडून मागं घातला होता, फक्त खालची सही दिसत होती.

"बघितलंस?" मोन्चो अभिमानानं म्हणाला. "आमादोची सही. त्या दिवशीची आहे, ताजी. अगदी अस्सल."

मी मीठ घेतलं, पैसे दिले आणि घरी आलो.